रिकामी गल्ली

"रिकाम्याला विचारलं का?"

आनंदाची बातमी घेऊन कुणी मशीनच्या खोलीत शिरलं की भाऊ चष्मा कपाळावर चढवायचे, डाव्या हाताची तर्जनी उभी धरायचे आणि अभिनंदन करायचं सोडून हे विचारायचे. ज्याला प्रश्न नवा असे तो गोंधळून इकडेतिकडे बघायचा, इथे रिकामं कोण बसलंय म्हणून. आमच्या विभागात रिकामे पुष्कळ असल्यामुळे हा शोध जरा लांबायचा.

भाऊ म्हणजे आमचे मशीनवाले भाऊ. नाव होतं, आडनाव होतं, ओळखपत्रावर फोटोही होता. पण ते ओळखपत्र कधी कुणी वाचलं नाही. गुजराती मुलं त्यांना 'मशीनवाळा भाई' म्हणत, आम्ही दोनचार मराठी होतो ते 'भाऊ' म्हणायचो. मूळचे शिरपूरकडचे. वडील लूमवर कामाला आले, म्हणून वाढले सुरतेच्या उधन्यात. बी.एस्सी. करून बमरोलीच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये सात-आठ वर्षं काढली आणि तिथून आमच्या कॉलेजात आले, अकरा महिन्यांच्या करारावर. करार दर वर्षी संपायचा आणि विभागप्रमुख सरांच्या एका पत्रावर पुन्हा सुरू व्हायचा. घरी अहिराणी, रिक्षात गुजराती, भांडणात हिंदी आणि मशीनशी मराठी अशी त्यांची वाटणी होती. चालू कामात बायकोचा फोन आला तर "मी मशीनवर शे, मंग फोन करसू" म्हणून ठेवून द्यायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, माणूस विमान चालवतोय.

मशीन टेबलावर मावणारं, पांढरं, दिसायला झेरॉक्सच्या जातीचं. आत नखाएवढी काचेची चकती आणि तिच्यावर सोन्याचा पातळ थर. सुरतेत सोनं तारेवर चढतं आणि त्याची साड्यांसाठी जर होते. इथे ते काचेवर चढलेलं. त्या सोन्यावर एक प्रोटीन बसवायचं आणि दुसरं पाण्यात मिसळून त्याच्यावरून वाहू द्यायचं. दुसऱ्याने पहिल्याला धरलं तर खालून पडणाऱ्या उजेडात फरक पडतो आणि पडद्यावरची रेघ वर चढते. सोडलं की रेघ उतरते. जिवंत पेशीत कोण कोणाला धरतं, किती घट्ट धरतं आणि किती वेळात सोडतं, हे त्या रेघेवरून काढायचं असतं.

चकतीवर शेजारी शेजारी चार अरुंद वाटा असतात. पुस्तकात त्यांना भारदस्त नाव आहे, भाऊ त्यांना गल्ल्या म्हणत. दुसऱ्या गल्लीत बिऱ्हाड, म्हणजे आपलं प्रोटीन. पहिली गल्ली रिकामी. पाणी दोन्ही गल्ल्यांतून जातं. "पाहुणा रिकाम्या गल्लीतही तेवढाच रेंगाळला," भाऊ सांगत, "तर तो बिऱ्हाडाला भेटायला नाही आला, ताई. त्याला गल्लीच आवडली." म्हणून पहिल्या गल्लीची रेघ दुसरीतून वजा करायची आणि जे उरेल तेवढंच खरं धरायचं. आम्ही ही वजाबाकी नियम म्हणून करायचो. भाऊंचा तिच्यावर जीव होता.

मशीन येण्याआधी आम्ही बारीक मण्यांवर काम करायचो. मण्यांना एक प्रोटीन चिकटवायचं, ते पेशींच्या रसात सोडायचं, मणी बाहेर काढून तीनदा धुवायचे आणि सोबत काय काय ओढून आलंय ते बघायचं. ती पद्धत आजही जगभर चालते, पण भाऊंना तिचं फारसं कौतुक नव्हतं. एका जाळ्यात सापडले म्हणजे नातेवाईक होत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मण्यांवर शेवटी कोण उरलं तेवढं कळतं. कोण आलं, किती थांबलं आणि कधी उठून गेलं, हे बघायला समोर बसावं लागतं. आणि भाऊ समोर बसायचे. रेघ चढत असताना त्यांना चहा विचारलेला चालत नसे.

आणखी एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, ती म्हणजे बुडबुडा. हवेचा एक बुडबुडा गल्लीत शिरला की रेघ उसळी मारते आणि दिवसभराचं काम वाया जातं. जगात जिथे जिथे असं मशीन आहे तिथे न जमलेल्या प्रयोगाचं पहिलं कारण बुडबुडा असतं. परीक्षेत नापास झालेला मुलगा पेपर कठीण होता म्हणतो, तसंच. भाऊंच्या खोलीत मात्र ही सोय नव्हती. सकाळी आल्या आल्या ते वापरायचं सगळं द्रावण पंपाखाली ठेवून त्यातली हवा अर्धा तास काढत बसायचे. प्रत्येक प्रयोगाची नोंद ते एका जाडजूड रजिस्टरमध्ये हाताने करायचे आणि त्यातला शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. तीन वर्षांत त्या रकान्यात 'बुडबुडा' हा शब्द एकदाही आलेला नव्हता. हे ते स्वतः सांगत नसत. रजिस्टर मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं उघडं ठेवत.

एकदा वरून काही अधिकारी मशीन बघायला आले. सरांनी त्यांना अर्धा तास समजावलं; त्यात रेणू होते, ओळख होती, कर्करोग होता आणि देशाचं भवितव्यही होतं. शेवटी त्यातल्या एकाने जांभई आवरत भाऊंनाच विचारलं की हे नक्की करतं काय. भाऊ म्हणाले, कोण कोणाला किती दिवस धरून राहील ते सांगतं. साहेबांची झोप उडाली. आमच्या ऑफिसला एक पाठवून द्या, म्हणाले. त्या भेटीत साहेब मनापासून हसले ते तेवढंच, आणि मशीनची पुढच्या वर्षाची देखभाल मंजूर झाली ती त्या हसण्यावर, असं आमचं सगळ्यांचं मत होतं. सरांचं मत अर्थात वेगळं होतं.

रिकामी गल्ली भाऊंनी विभागातही शोधून काढली होती. एका दिवाळीला सर परदेशात होते. तरीही त्यांच्या केबिनमध्ये मिठाईचे डबे येत राहिले. माणसं वाकून आत जात, रिकाम्या खुर्चीसमोर डबा ठेवत आणि तशीच वाकून बाहेर येत. भाऊंनी मला दारातून ते दाखवलं. सर होते तेव्हाही एवढेच डबे यायचे, म्हणाले. त्यात वाईट हेतू नव्हता. रेघ वाचावी तसं त्यांनी ते वाचलं, इतकंच.

घरातही तेच. पुतणीला स्थळ आलं, मुलगा मोटारसायकलवरून रुबाबात उतरला आणि बायका खूश झाल्या. भाऊंनी निरोप पाठवला की पुढच्या वेळी गाडी न आणता या. मुलगा बिचारा उन्हात उधन्यापासून बमरोलीपर्यंत चालत आला आणि घामाघूम होऊन ओट्यावर बसला. भाऊंनी त्याला पाणी दिलं आणि लगेच होकारही दिला. ती पुतणी आज सुखात आहे. नवरा मात्र काकांच्या घरी जायचं म्हटलं की अजून आधी विचारतो, गाडी नेऊ का.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. लांबून गंमत वाटते, जवळ बसावं लागलं की वैताग येतो. मला तीन वर्षं जवळ बसावं लागलं, कारण माझी पीएच.डी. त्या मशीनवर होती.

माझा विषय ऊस. बारडोलीकडच्या उसाला एक बुरशी लागते आणि आतून कांडं लाल करून टाकते. त्या बुरशीचं एक प्रोटीन उसाच्या एका प्रोटीनला धरतं आणि उसाचा प्रतिकारच थांबवतं, असा सरांचा अंदाज होता. तो खरा ठरवणं हे माझं काम. मण्यांवर ती दोन प्रोटीनं एकत्र सापडत होती. आता मशीनवर दाखवलं की झालं, पेपर, पदवी आणि मशीनला आणखी काही वर्षांचं आयुष्य. भाऊंचा करारही मशीनच्याच आयुष्याला बांधलेला होता.

आणि रेघ चढली. इतकी देखणी रेघ मी पुस्तकातही पाहिली नव्हती. झरझर वर गेली, सपाट झाली आणि मग सावकाश, नको नको म्हणत उतरली. सरांनी अख्ख्या विभागाला गरमागरम सुरती लोचो खिलवला. पेपर लिहायलाही घेतला. मी लोचोची प्लेट घेऊन मशीनच्या खोलीत गेले तर भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला.

मी म्हणाले, विचारलं रिकाम्याला. पहिली गल्ली वजा केली आहे. "ती रिकामी नव्हती, ताई," भाऊ म्हणाले. "ती ओसाड होती."

मग त्यांनी प्लेट बाजूला ठेवून मला समजावलं. उसाचं प्रोटीन सोन्यावर बसावं म्हणून आम्ही त्याला एक छोटी शेपटी जोडली होती आणि दुसऱ्या गल्लीत निकेलचे आकडे लावले होते. शेपटी आकड्यात अडकते आणि बिऱ्हाड बसतं. पहिल्या गल्लीत बिऱ्हाड नव्हतं हे ठीक, पण तिथे आकडेही नव्हते. बुरशीच्या प्रोटीनला तयार करताना आम्ही त्यालाही तशीच शेपटी लावली होती. नंतर ती कापली, असं आम्ही धरून चाललो होतो. नीट कापली गेली नसेल तर पाहुणा बिऱ्हाडाला भेटतच नाही; थेट आकड्याला लटकतो. रिकामं घर म्हणजे ज्यात माणूस सोडून सगळं आहे, असं भाऊंचं म्हणणं. आम्ही घरच पाडलं होतं आणि म्हणत होतो, इथे कुणी थांबत नाही.

मला पटलं. पटलं म्हणूनच मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात पेपर गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी, दुपारी, मी समोर असताना भाऊंनी आकडे लावलेली पण बिऱ्हाड नसलेली गल्ली चालवली. रेघ झरझर वर गेली, सपाट झाली आणि सावकाश, नको नको म्हणत उतरली. तीच रेघ. उसाचा तिथे पत्ताही नव्हता.

शनिवारची रेघ सरांच्या कानावर गेली, आणि सोमवारी त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. ते फक्त घाईत होते, आणि तीस वर्षं घाईत असलेल्या माणसाला थांबणं म्हणजे अपघात वाटतो. त्यांनी रजिस्टर समोर ओढलं. शनिवारच्या नोंदीपुढे शेऱ्याचा रकाना कोरा होता. सर गोड आवाजात भाऊंना म्हणाले, "बबल हशे. लखी नाखो ने." बुडबुडा असेल, लिहून टाका ना.

भाऊंनी सांगितलं की बुडबुड्याची रेघ उसळते, अशी शिस्तीत चढत नाही. उतरतानाही ती अशी लाजत उतरत नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. तुझी पदवी आहे, तू समोर होतीस, तूच सांग, म्हणाले. भाऊंनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी काय सांगणार याची त्यांना खात्री होती.

"असू शकतो बुडबुडा," मी म्हणाले.

भाऊंनी खिशातून पेन काढलं, टोपण पेनच्या मागे लावलं आणि त्यांच्या त्या सुबक, शाळामास्तरी अक्षरात शेरा लिहिला. सरांनी न वाचताच रजिस्टर मिटलं. मी ते दुसऱ्या दिवशी उघडलं. शेरा असा होता: 'बुडबुडा, असं ताई म्हणाल्या.'

तुम्ही म्हणाल, हा तर टोमणा. मीही आधी तसंच समजले आणि दोन दिवस त्यांच्यावर रागावून घेतलं. आपण चुकलो की समोरच्यावर रागावणं सगळ्यात सोपं पडतं. पण भाऊंना टोमणा मारता येत नसे. जे ऐकलं ते लिहिलं, ज्याच्याकडून ऐकलं त्याचं नाव लिहिलं. त्यांच्या दृष्टीने ती एक अचूक नोंद होती.

त्या वर्षी अकरा महिने संपले तेव्हा सरांचं पत्र गेलं नाही. मशीनचा वापर कमी आहे, असं कारण सांगण्यात आलं. शेवटच्या दिवशी भाऊंनी मला किल्ल्या दिल्या आणि द्रावणातली हवा कशी काढायची ते सगळं पुन्हा एकदा करून दाखवलं. घाई करू नका, अर्धा तास म्हणजे अर्धा तास, म्हणाले. मला तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. मी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं, 'अर्धा तास'.

पुढे जे झालं ते ऐकून हसू आलं तर हसा. पेपर परदेशातल्या परीक्षकांकडून परत आला. एकाने नम्रपणे विचारलं होतं: निकेल असलेली पण प्रोटीन नसलेली गल्ली चालवली आहे का? सरांनी ते पत्र बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. बघा, म्हणाले, किती खोल विचार करतात ही माणसं. आपल्याकडे असे डोळे नाहीत. मी तिथेच बसले होते. तेव्हाही मी काही बोलले नाही.

मी ती गल्ली तीनदा चालवली. तिन्ही वेळा रेघ चढली. पेपर मागे घेतला, आणि आमच्याच काटेकोरपणामुळे चूक आमच्याच लक्षात आली, असं विभागाच्या वार्षिक अहवालात छापून आलं. शेपटी नीट कापून पुन्हा प्रयोग केले तेव्हा रेघ जागची हलली नाही. उसाला ती बुरशी दुसऱ्याच कुठल्यातरी मार्गाने धरते. तो मार्ग मला सापडला नाही. 'धरत नाही' एवढंच सांगणारा प्रबंध लिहायला मला आणखी दोन वर्षं लागली, आणि पदवी मिळाली.

प्रबंधाची एक प्रत घेऊन मी बमरोलीला गेले. भाऊ जुन्याच मिलच्या लॅबमध्ये परतले होते. फाटकाशी निरोप दिला, तर हात पुसत बाहेर आले. बोटांना निळा रंग होता. ते थोडे वाळलेले दिसले. ताई, या, म्हणाले, आणि वॉचमनची खुर्ची माझ्यासाठी ओढली. प्रबंध त्यांनी हातात घेतला, बोटांचा रंग लागू नये म्हणून रुमालात धरून, आणि चौथं प्रकरण काढून रेघा बघितल्या. कितीदा चालवलं, त्यांनी विचारलं. तीनदा, मी म्हणाले. त्यांनी समाधानाने पान उलटलं.

मग मी बोलले. जे केबिनमध्ये बोलायला हवं होतं ते फाटकाबाहेर, कापडाच्या टेम्पोंच्या आवाजात, दोन-अडीच वर्षांनी बोलले. तो बुडबुडा नव्हता हे मला तेव्हाही माहीत होतं, मी घाबरले होते, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली. भाऊंनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मला मध्येच थांबवून सोपं करून दिलं नाही.

"नोकरीचं वाईट वाटलंच," ते म्हणाले. "पण ती अशीही किती टिकणार होती, अकरा-अकरा महिन्यांची. मला वाटायचं, त्या खोलीत आपण दोघं बसून राहिलो आहोत. त्या दिवशी कळलं, मी एकटाच बसलो होतो."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं आणि तोवर समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. आतून कुणीतरी हाक मारली, भट्टीतून माल निघाला होता. भाऊ उठले आणि प्रबंध माझ्याकडे परत देऊ लागले. ही तुमची प्रत आहे, मी म्हटलं. तेव्हा त्यांनी तो रुमालासकट काखेत धरला. दोन पावलं जाऊन पुन्हा वळले.

मशीनवर आता कोण बसतं, त्यांनी विचारलं. कुणी नाही, मी म्हणाले, देखभाल संपली, बंद करून ठेवलंय.

"झाकून ठेवलंय ना पण? धूळ फार असते तिथं."

'हो' ओठांवर आलंच होतं. त्या क्षणी त्यांना तेवढंच हवं होतं, आणि मलाही. पण त्या खोलीत मी सहा महिन्यांत पाऊल टाकलं नव्हतं.

"माहीत नाही, भाऊ," मी म्हणाले. "बघून सांगते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी केबिनमध्ये पाहिलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ.

"सांगा," ते म्हणाले, आणि आत गेले.